चकाकी जाते कुठे?

गेल्या जुलैत ठाण्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी एका स्पिटफायरवर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) मॅट, म्हणजे चकाकी घालवणाऱ्या, वार्निशचा शेवटचा हात मारला. १/७२ मापाचं मॉडेल, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर. तीन आठवडे खपलो होतो त्यावर. दहा मिनिटांत हिरव्या-तपकिरी पट्ट्यांवर भस्म फासल्यासारखा पांढुरका थर उमटला. बायको डोकावून म्हणाली, "पीठ सांडलं का हो?"

मी आधी वार्निशला शिव्या घातल्या, मग हवेला. दुसरी शिवी बरोबर जागी लागली होती. किती बरोबर, ते पुढे कळलं.

मॅट हा काही वेगळा रंग नव्हे. रंगाच्या थरावर प्रकाश सरळ पडला की त्यातला साधारण ४ टक्के वरच्या वरच परत फिरतो. तो आत शिरतच नाही, त्यामुळे दिव्याचाच पांढरेपणा घेऊन येतो. बाकीचा आत जातो, रंगकणांवर आपटतो आणि हिरवा किंवा तपकिरी होऊन चहूकडे बाहेर पडतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर ते ४ टक्के आरशासारखे एकाच दिशेला जातात आणि पंखावर ट्यूबलाइट जशीच्या तशी दिसते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तेच ४ टक्के सगळीकडे विखुरतात. म्हणजे चकाकी मरत नाही, फक्त पांगते. पांगलेला तो पांढरा प्रकाश सगळ्या रंगात मिसळतो, म्हणून मॅट झालेला रंग किंचित फिका वाटतो. शहाबादी फरशीवर पाणी टाकलं की ती गडद दिसते, त्यात याच्या उलट प्रकाराचा मोठा वाटा आहे. पाणी खाचा भरून वरची पातळी सपाट करतं.

हा खडबडीतपणा किती असावा लागतो? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उंचवटे त्याच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे असले की काम होतं. म्हणून मॅट वार्निशमध्ये सिलिकाची, म्हणजे वाळूच्याच कुळातली, काही मायक्रॉनची बारीक भुकटी घालतात. द्रव उडून गेला की थर आकसतो, कण मात्र आकसत नाहीत, आणि त्यांची डोकी वर येतात. ओल्या सारवणातून भुशाचे कण वर दिसावेत तसं.

बाटली महिनाभर उभी ठेवली की हीच भुकटी तळाशी दह्यासारखी बसते. वरचं निवळ वार्निश ओतून घेतलंत तर मॅटच्या बाटलीतून ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वार्निश निघेल. नुसती बाटली हलवून भागत नाही. आइसक्रीमच्या काडीने तळ खरवडा, काडीवर गोळा येत नाही तोवर ढवळा. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत आहे.

सिलिकेची खरी गंमत पुढे आहे. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, सुमारे १.४६ आणि वार्निशमधल्या अॅक्रिलिकचा १.४९. दोन्ही इतके जवळ की वार्निशच्या पोटात गेलेला कण जवळजवळ अदृश्य होतो, प्रकाशाला तिथे वळायला कारणच उरत नाही. हवेचा मात्र १. त्यामुळे थराच्या आत हवेची बारीक पोकळी राहिली की प्रकाश तिथे जोरात विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. मीठ, पिठीसाखर, फेस, सगळ्यांच्या पांढरेपणामागे हेच.

माझ्या स्पिटफायरचं तेच झालं होतं. थिनर भराभर उडताना पृष्ठभागाला गार करतो, पावसाळी हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते, ते पाणी ओल्या थरात घुसतं आणि नंतर उडून जाताना मागे पोकळ्या ठेवतं. चकाकी मारणारी भुकटी जास्त झाली तरी हाच परिणाम. तामिया या जपानी कंपनीची एक्स-२१ फ्लॅट बेस, म्हणजे अशीच मॅट करणारी भर, ग्लॉस रंगात घालायची असते. तिच्या एक्सएफ मालिकेतले रंग आधीच मॅट आहेत, त्यात ती आणखी ओतली तर कणांना धरून ठेवायला राळ (वार्निशमधला चिकट घटक) पुरत नाही आणि मधे हवा शिरते.

निदान कळल्यावर उपाय सोपा होता, पण हात थरथरत होता. एसी लावून खोली कोरडी केली आणि पांढुरक्या पंखावर चक्क ग्लॉस वार्निशचा पातळ फवारा मारला. ग्लॉस त्या पोकळ्यांत उतरला, हवा बाहेर गेली, आणि हिरवा-तपकिरी रंग डोळ्यांदेखत वर आला. मग रात्रभर सुकू देऊन वर पुन्हा मॅट. राळच साकळून बसली असती तर हा उपाय चालला नसता, तेव्हा आधी पोटाखालच्या कोपऱ्यात करून पाहावं.

डिकल, म्हणजे खुणांची पातळ चित्रं, लावण्याआधी मॉडेलवर ग्लॉस का मारतात, तेही यातच आलं. मॅट पंखावर राउंडेल (हवाई दलाची गोल खूण) बसवलं तर खाचांत हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी चमकते. मॅट करण्याची घाई शेवटापर्यंत आवरावी लागते, ती यासाठी.

एक खोडी मात्र कुठल्याच वार्निशने जात नाही. विमान डोळ्यांच्या पातळीला आणून पंखावरून तिरकं पाहा, अगदी मॅट पंखही चमकेल. इतक्या कललेल्या किरणांना उंचवटे बुटके भासतात. चकाकी मोजणारं यंत्र एरवी (लंबापासून मोजलेल्या) ६० अंशांवर लावतात, पण मॅट थरांसाठी ८५ अंशांवर, कारण त्यांच्यातला फरक तिथेच उठून दिसतो.

आणि मॅट म्हणजे लपणं, हेही नेहमी खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं पी-६१ ब्लॅक विडो हे रात्री लढणारं विमान पुढे तकतकीत काळं रंगवलं गेलं. सर्चलाइटच्या झोतात मॅट काळा रंग थोडा प्रकाश सगळीकडे, म्हणजे खालून पाहणाऱ्याकडेही, पाठवतो. चकचकीत काळा परतणारा बहुतेक प्रकाश भलतीकडे फेकून देतो. माझ्या कपाटातल्या विडोवर मी सॅटिनवरच, म्हणजे अर्ध्या चकाकीवरच, थांबलो. ३० सेंटिमीटरवरून १/७२ चं मॉडेल पाहणं म्हणजे खरं विमान जवळपास २२ मीटरवरून पाहणं, तिथे पूर्ण ग्लॉस खेळण्यासारखा दिसतो. तरी येणारा प्रत्येक जण विचारतोच, "हे एकच चमकतंय कसं? याला वार्निश मारायचं राहिलं वाटतं?"