पोलिसी कुत्रे आले कुठून : अल्सेशियन ते मॅलिनॉइस

मुंबईत बेल्जियन मॅलिनॉइसची पिल्लं आता सर्रास विचारली जातात. कर्जत-अलिबागच्या फार्महाऊसवर राखणीला, बंगल्याच्या फाटकाशी बांधायला, आणि कधी कधी थेट अंधेरीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ठेवायलाही. विचारणारा बहुतेकदा एकच प्रश्न घेऊन येतो : सगळ्यात कडक जात कोणती? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर ‘डॉबरमन’ असं मिळायचं, त्याआधी ‘अल्सेशियन’ (म्हणजेच जर्मन शेफर्ड), मधल्या काळात ‘रॉटवायलर’. प्रत्येक लाटेच्या आधी ती जात कुठल्या तरी गणवेशाशेजारी उभी दिसलेली असते, असं माझं निरीक्षण आहे. पण त्या जाती गणवेशाशेजारी का पोहोचल्या हे पाहिलं तर कडकपणाचा मुद्दा फार उशिरा येतो.

सुरुवात जर्मनीतून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रेल्वेचं जाळं पसरलं, कुरणांना कुंपणं पडली आणि मेंढपाळाच्या कुत्र्याचं काम आटत गेलं. माक्स फॉन श्टेफानित्स हा घोडदळातला कप्तान या कुत्र्यांच्या प्रेमात होता. 1899 मध्ये कार्ल्सरूहच्या एका प्रदर्शनात त्याने एक कुत्रा पाहिला, तिथेच विकत घेतला आणि त्याचं नाव होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवलं. जर्मन शेफर्डच्या वंशावळीतला हा पहिला नोंदलेला कुत्रा. त्याच वर्षी त्याने जातीची संघटना स्थापली. श्टेफानित्सला दिसणं दुय्यम वाटे, त्याला काम हवं होतं. मेंढ्या संपत चालल्या, तेव्हा काम शोधायला तो पोलिसांकडे आणि लष्कराकडे गेला. कारखान्यांची शहरं वाढत होती, रात्रीच्या गस्तीला माणसं पुरत नव्हती, आणि बेल्जियममधल्या गेंट शहराच्या पोलिसांनी 1899 मध्येच रात्रगस्तीवर कुत्रे आणले होते. म्हणजे कुत्र्याला नवी नोकरी हवी होती आणि शहराला नवा नोकर. दोघांची गाठ पडली.

या नोकरीसाठी जी परीक्षा तयार झाली तिला ‘शुट्झहुंड’ म्हणत. आज तिचं नाव आयजीपी आहे. तिचे तीन भाग : माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला 100 गुण. संरक्षणाच्या भागात आडोशांमागे लपलेला माणूस कुत्र्याने शोधायचा. तो निमूट उभा असेल तर त्याला चावायचं नाही, समोर उभं राहून भुंकत राहायचं. तो पळाला किंवा अंगावर आला तरच पकडायचं, तेही हातावरच्या जाड स्लीव्हला, पूर्ण तोंडाने आणि शांतपणे. मग ‘आउट’ म्हटलं की सोडायचं. पुन्हा पुन्हा सांगूनही जो सोडत नाही तो बाद, त्याची पकड कितीही जबरदस्त असो. आपल्याकडे ‘छू’ म्हटल्यावर अंगावर जाणाऱ्या कुत्र्याचं कौतुक होतं. या परीक्षेत अंगावर जाण्यापेक्षा परत येण्याला जास्त किंमत होती, आणि प्रजननाला कोण योग्य हे ठरवताना ही परीक्षाच मोजली जाई. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या जे टिकलं ते नुसतं दात दाखवणं नव्हतं.

डॉबरमनची गोष्ट वेगळी. आपोल्डा या गावात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन कर वसूल करायचा आणि गावच्या कोंडवाड्याचंही काम त्याच्याकडे होतं. कर वसूल करणाऱ्याला सोबतीला जसा कुत्रा हवा तसा त्याने जुळवत आणला : चपळ, सावध, माणसाला न बिचकणारा. तो 1894 मध्ये वारला, पुढचं काम इतरांनी केलं. वर आलेल्या चार जातींपैकी मुळातच माणसाच्या संरक्षणासाठी घडवलेली ही एकटीच. सुरुवातीचे डॉबरमन फार तिखट होते, त्यांना मवाळ करण्यात अमेरिकेतल्या प्रजनकांचा मोठा हात आहे. रॉटवायलर हा खाटकांचा आणि गुरांच्या व्यापाऱ्यांचा कुत्रा. गुरं रेल्वेने जाऊ लागली तशी ही जात जवळजवळ दिसेनाशी झाली. 1910 मध्ये जर्मनीत तिला पोलिसी कामासाठी मान्यता मिळाली आणि ती वाचली. नर साधारण 50 किलोचा, आणि मनाने प्रौढ व्हायला दोन-तीन वर्षं घेणारा.

मॅलिनॉइस हे बेल्जियन मेंढपाळ कुत्र्यांच्या चार प्रकारांतलं आखूड केसांचं, बदामी रंगाचं रूप. नाव मॅलिन शहरावरून आलेलं. 1891 मध्ये पशुवैद्यक आडोल्फ रूल यांनी गावोगावचे कुत्रे एकत्र आणून त्यांची वर्गवारी लावली. तिथल्या शेतकऱ्यांनी मात्र या कुत्र्याला प्रदर्शनापेक्षा कामावरच जोखलं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये 1907 मध्ये पोलिसी कुत्र्यांची स्वतंत्र संघटना झाली. तिच्या परीक्षा देणाऱ्या कित्येक मॅलिनॉइसना आजही वंशावळीचे कागद नसतात. क्रॉफर्ड मार्केटात ‘पेपरवालं पिल्लू’ म्हणून भाव चढवला जातो तेव्हा मला हे हटकून आठवतं. सर्वांत कसून निवडलेले कुत्रे बिनकागदाचे.

आता ‘ड्राइव्ह’. प्रशिक्षकांच्या बोलण्यात हा शब्द रोजचा आहे. कोन्राड लोरेंत्स आणि त्याच्या पिढीच्या प्राणिवर्तनशास्त्रज्ञांनी प्राण्यातली आतून उसळणारी ओढ समजावताना जी भाषा वापरली, ती जर्मन कुत्रा-प्रशिक्षकांनी उचलली आणि संरक्षणाचं काम दोन ओढींवर उभं केलं. एक शिकारीची : पळणारी गोष्ट दिसली की मागे धावणं आणि पकडणं. दुसरी बचावाची : समोरचा धोका वाटला की त्याला पिटाळणं. शिकारीच्या ओढीत कुत्र्याला मजा येते. बचावाच्या ओढीत त्याला भीती वाटत असते आणि तो भीतीवर मात करत असतो. म्हणून चांगला प्रशिक्षक पिल्लाला आधी चिंधी धरायला शिकवतो, खेळ म्हणून. धोका फार पुढे, कुत्रा मनाने मोठा झाल्यावर येतो. ज्या पिल्लाला सुरुवातीलाच घाबरवून भुंकायला लावलं जातं, ते पुढे चावतं खरं, पण कोणाला चावेल हे मालकालाही सांगता येत नाही. आपल्याकडे ‘पिल्लाला तिखट करा’ म्हणून सांगणारे काहीजण नेमकं हेच करतात.

या मापाने चौघांची तुलना केली तर चित्र असं दिसतं. मॅलिनॉइसची शिकारीची ओढ सर्वांत तीव्र, आणि ती पेटायला लागणारी ठिणगी अगदी बारीक. हलणारी सायकल पुरते. नराचं वजन 25 ते 30 किलो, त्यामुळे उडी, धाव, दम या तिन्हीत तो पुढे. जर्मन शेफर्ड (30 ते 40 किलो) थोडा उशिरा पेटतो, लवकर शांत होतो, आणि हँडलर, म्हणजे त्याला हाताळणारा माणूस, बदलला तरी सांभाळून घेतो. मात्र प्रदर्शनासाठी वाढवलेले आणि कामासाठी वाढवलेले जर्मन शेफर्ड आज जवळपास वेगळे प्राणी आहेत. उतरत्या पाठीच्या प्रदर्शनी कुत्र्याकडून कामाची अपेक्षा ठेवणं त्याच्यावरच अन्याय. डॉबरमन हँडलरला चिकटणारा, तल्लख, पण अंगावर थंडी अडवणारी आतली लव नाही, आणि जातीत हृदयाच्या स्नायूंचा आजार पसरलेला, ऐन उमेदीत कुत्रा दगावतो. रॉटवायलर बचावाकडे झुकलेला : उगाच धावत नाही, पण आपली हद्द मानली की हलत नाही. मुंबईच्या दमट हवेत वजनाचा फरक जास्तच जाणवतो. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता घालवतो आणि हवेत ओलावा असला की ते नीट होत नाही. मे महिन्यातल्या दुपारी 50 किलोच्या कुत्र्याकडून काम करून घेण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

या चौघांपैकी तीन जातींचे पूर्वज गुरंमेंढ्या हाकणारे आहेत, राखणारे नाहीत. आपल्या धनगरांचा कुत्रा राखणारा. तो कळपात वाढतो, लांडगा आला की मध्ये उभा राहतो, स्वतः निर्णय घेतो आणि मेंढीच्या मागे धावत नाही. मेंढीच्या मागे धावणारं पिल्लू धनगराच्या कामाचंच नाही. हाकणाऱ्या कुत्र्याला मात्र धावायची ओढ हवी, आणि ती माणसाच्या एका हाकेवर थांबायलाही हवी. पोलिसांना लागणारा कुत्रा या हाकणाऱ्या प्रकारातून आला तो यामुळे. मुधोळचा कुत्रा, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला आपण कारवानी म्हणतो, तो तिसऱ्याच वळणाचा : नजरेने सावज हेरून मैदानात एकट्याने पाठलाग करणारा. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी तो नावारूपाला आणला, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली. लष्कराने मेरठला त्याला प्रशिक्षणही दिलं आहे. माणसाला पकडण्याचं काम त्याच्या रक्तात कधी निवडलंच गेलं नाही, त्यामुळे ‘आपला देशी मॅलिनॉइस’ वगैरे म्हणण्यात अभिमान आहे, माहिती नाही.

मुंबई पोलिसांचं श्वानपथक 1959 मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात डॉबरमन होते. काम मुख्यतः गुन्हेगाराचा माग काढण्याचं. खून किंवा घरफोडी झाली की कुत्रा वास घेऊन रस्त्याने निघायचा आणि मागे अख्खी वस्ती. वर्तमानपत्रांत ‘श्वान काही अंतरापर्यंत जाऊन घुटमळले’ हे वाक्य त्या काळापासून ठरलेलं आहे. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर शहराची गरज बदलली. माग काढणाऱ्यापेक्षा स्फोटकं हुंगणारा कुत्रा हवा होता. त्या दिवसांत नाव गाजलं ते झंजीरचं. तो लॅब्रेडोर, पुण्याच्या शिवाजीनगरला तयार झालेला. त्याच्या नावावर 3,329 किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद सांगितली जाते. 2000 च्या नोव्हेंबरमध्ये तो कर्करोगाने गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. 26/11 च्या वेळी कामावर असलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हेही लॅब्रेडोरच. निवृत्तीनंतर ते विरारला राहिले आणि चौघेही 2016 मध्येच गेले.

लॅब्रेडोरची निवड भाबडेपणाने झालेली नव्हती. सीएसएमटीच्या संध्याकाळच्या गर्दीत किंवा गणपतीच्या मंडपात तासन् तास हुंगत फिरणाऱ्या कुत्र्याला माणसांचा धक्का लागणारच, पोरं शेपटी ओढणारच. तिथे ठिणगी बारीक असलेला कुत्रा चालत नाही. झाडीत दबा धरून बसलेल्या सशस्त्र माणसापर्यंत जायचं असेल तर मात्र गणित उलटतं. म्हणून सीआरपीएफ, आयटीबीपी आणि एनएसजी या केंद्रीय दलांकडे मॅलिनॉइस आले. 2011 मध्ये ओसामा बिन लादेनला मारणाऱ्या अबोटाबादच्या कारवाईत अमेरिकी तुकडीबरोबर कैरो नावाचा मॅलिनॉइस होता ही बातमी जगभर फिरली आणि जातीचं नाव घरोघरी पोचलं. फ्लॅटमधल्या मागणीचं मूळ मी तिथे शोधतो.

जात बघून स्वभाव कितपत सांगता येतो? जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथे पाच जाती अनेक वर्षं वाढवून 1965 मध्ये जे मांडलं, त्यात जातींचे फरक होतेच. पण सर्वांत उपयोगी ठरली ती पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्याची गोष्ट : या काळात जी माणसं, आवाज, वस्तू ओळखीच्या होतात त्यांची भीती पुढे कमी राहते. भारतात 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. म्हणजे घरी आलेल्या पिल्लाजवळ या खिडकीचा शेवटचा महिनाच उरलेला असतो, आणि लसी पूर्ण व्हायच्या म्हणून तोही घरात कोंडून जातो. 2022 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात 18,000 हून अधिक कुत्र्यांची माहिती घेऊन अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण 9 टक्केच जातीवरून सांगता येतो असं त्यात निघालं. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. सांगितलेलं ऐकण्याच्या तयारीत जातीचा वाटा त्यातल्या त्यात मोठा दिसला. कुत्रा किती सहज चिडतो यात मात्र जातीवरून जवळजवळ काहीच कळेना. श्टेफानित्सच्या काळापासून निवड ज्याची झाली तेच पिढ्यांतून उतरलेलं दिसतं.

आपल्या सरकारने 12 मार्च 2024 च्या परिपत्रकात 23 जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. यादीत रॉटवायलर होता, कांगाल, आकबाश, तोर्न्याक असे मेंढ्या राखणारे कुत्रे होते. जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि मॅलिनॉइस नव्हते. संबंधितांना विचारलंच नाही या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात, 10 एप्रिलला ते रद्द केलं. दक्षिण मुंबईत 2010 मध्ये एका रॉटवायलरने ज्येष्ठ नागरिकाला चावल्याच्या खटल्याचा निकाल त्याआधीच, 2023 मध्ये लागला होता. मालकाला तीन महिन्यांची कैद झाली. तो खटला जनावराबाबतच्या हलगर्जीपणाचा होता. भारतीय दंड संहितेचं ते 289 कलम आता भारतीय न्याय संहितेत 291 झालं आहे, आणि त्यात कुठल्याही जातीचं नाव नाही.