बिंबाणूंची साठवण आणि पिशवीचे प्लॅस्टिक

दात्याच्या रक्तातून वेगळे काढलेले बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट्स, रुग्णाला देईपर्यंत किती चांगले राहतात हे बऱ्याच अंशी त्यांच्या पिशवीच्या प्लॅस्टिकवर ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सीमाभागात पावसाळ्यात डेंग्यू पसरला की ‘पेशी उतरल्या’, म्हणजे बिंबाणू कमी झाले, हे शब्द घरोघर ऐकू येतात. पुष्कळ जण त्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, ते मात्र चूक आहे. बिंबाणू हे अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींचे सुटलेले, केंद्रक नसलेले तुकडे असतात आणि जखमेतून रक्त वाहू लागले की आधी तेच तिथे जाऊन चिकटतात.

तांबड्या पेशींची पिशवी फ्रिजमध्ये महिनाभर टिकते. बिंबाणूंना थंडी सोसत नाही. गारठ्यात त्यांचा चकतीसारखा आकार मोडतो, आणि असे बिंबाणू रुग्णाला दिले तर शरीर ते लवकर काढून टाकते. साठवण २२ अंश सेल्सिअसच्या आसपास करावी, हे स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर या अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. आज बहुतेक ठिकाणी २० ते २४ अंश हीच मर्यादा पाळतात. पण या उबेत बिंबाणू जागे असतात. ते साखर खातात, ऑक्सिजन वापरतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. पिशवीचा प्रश्न सुरू होतो तो इथे.

ऑक्सिजन पुरेसा मिळाला तर साखर पूर्ण जळते. तो कमी पडला की बिंबाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवू लागतात. हे आम्ल काही काळ प्लाझ्मातील, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवातील, बायकार्बोनेट झेलतो. तो संपला की पीएच घसरतो, म्हणजे द्रव आम्लधर्मी होत जातो, आणि ६.२ च्या खाली गेल्यावर बिंबाणू फुगून गोल होतात, ते पुन्हा कामाचे राहत नाहीत. सीलबंद पिशवीला ऑक्सिजन मिळतो तो फक्त तिच्या भिंतीतून. खानापूरच्या माठातून पाणी पाझरते ते मातीतल्या बारीक छिद्रांमुळे. पिशवीच्या प्लॅस्टिकला अशी छिद्रे नसतात, वायू त्यात विरघळून पलीकडे निघतो. म्हणून कोणते प्लॅस्टिक, किती जाड आणि किती पृष्ठभागाचे, या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. मर्फी आणि गार्डनर यांनीच १९७५ मध्ये भिंतीतून होणाऱ्या या वायुवहनाचे महत्त्व सिद्ध केले.

त्याआधीची वाटचालही सांगण्याजोगी आहे. काचेच्या बाटलीत बिंबाणू काचेलाच चिकटत. १९५० च्या सुमारास अमेरिकी शल्यविशारद कार्ल वॉल्टर यांनी प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि पीव्हीसी या जातीचे प्लॅस्टिक रूढ झाले. पीव्हीसी मुळात कडक असते, ते मऊ करण्यासाठी डीईएचपी नावाचे तेलकट द्रव्य मिसळतात. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, तसे हे द्रव्यही हळूहळू पिशवीतल्या रक्तात उतरते. गंमत अशी की तांबड्या पेशींच्या आवरणाला ते बळकटी देते, त्यामुळे त्या कमी फुटतात. बिंबाणूंना त्याचा असा लाभ नाही, शिवाय या जाडसर पिशवीतून ऑक्सिजनही बेताचाच जातो. त्यामुळे तिच्यात बिंबाणू जेमतेम ३ दिवस टिकत.

१९८० च्या दशकात नव्या पिशव्या आल्या. काहींत डीईएचपीऐवजी ट्रायमेलिटेट किंवा सायट्रेट जातीचे मऊकारक वापरले, तर पॉलिओलेफिन आणि इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट या प्लॅस्टिकांना मऊकारकाची गरजच नव्हती. यांतून वायू मोकळा खेळतो, पण त्यालाही मर्यादा हवी. कार्बन डायऑक्साइड फारच निसटला तर पीएच वर चढतो आणि तेही बिंबाणूंना घातक असते. नव्या पिशव्यांमुळे अमेरिकेत १९८४ मध्ये मुदत ७ दिवसांपर्यंत वाढली, पण १९८६ मध्ये ती पुन्हा ५ दिवसांवर आणली गेली. याला कारण प्लॅस्टिक हे नव्हते. खोलीच्या उबेत जंतूही वाढत होते. भारतातही ५ दिवसांचाच नियम आहे.

चांगली पिशवीसुद्धा वाईट हाताळणीने निकामी होते. रक्तपेढीत पिशव्या हलत्या फळ्यांवर अखंड डोलत असतात, कारण द्रव हलला तरच भिंतीतून आलेला ऑक्सिजन आतपर्यंत पोचतो. एका पिशवीत बिंबाणू गरजेपेक्षा दाटले तर त्यांना हवा पुरत नाही. मोठे कागदी लेबल चिकटवले किंवा पिशव्या एकमेकींवर रचल्या, तर तेवढा पृष्ठभाग बंद होतो.

सीमाभागात या सगळ्याला प्रवासाची जोड आहे. जांबोटी-कणकुंबीचा रुग्ण बेळगावला येतो, चंदगडचाही राज्याची हद्द ओलांडून इकडेच येतो. निपाणीला कोल्हापूर जवळ, अथणीला मिरज. अशा वेळी नातेवाईकांना रक्ताची पिशवी बर्फाच्या डब्यात नेल्याचे आठवते आणि बिंबाणूंच्या पिशवीलाही ते बर्फ लावू पाहतात. तसे मुळीच करू नये. काही तास हलवणी थांबली तर चालते, गारठा चालत नाही, आणि तापलेल्या गाडीत पिशवी ठेवणेही नको. पिशवी आडवी, सुटी, कॅरीबॅगेत न गुंडाळता न्यावी.

देण्यापूर्वी तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून हलके हलवतात. याला स्वर्लिंग पाहणे म्हणतात. चकतीच्या आकाराचे बिंबाणू उजेडात रेशमासारखी लहरती झाक दाखवतात, गोल झालेले दाखवत नाहीत, आणि पिशवीतला पिवळसर द्रव मग नुसता गढूळ, मठ्ठ दिसतो.