गेरहार्ट हाउप्टमानच्या ‘विणकर’ नाटकाची पार्श्वभूमी

जून १८४४ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या सायलीशिया प्रांतातील पेटर्सवाल्डाउ आणि लांगेनबीलाउ या गावांतल्या विणकरांनी बंड केले आणि काही दिवसांतच ते मोडून काढण्यात आले. हे विणकर कारखान्यात नव्हे, तर आपापल्या घरी मागावर काम करीत. व्यापारी त्यांना सूत देई, विणून आणलेल्या कापडात खोट काढी आणि तेवढी मजुरी कापून घेई. इंग्लंडमधील यंत्रमागांच्या स्वस्त कापडाने भाव पाडले, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपला तोटा याच मजुरीतून भरून काढला. त्यांच्यात पेटर्सवाल्डाउची त्स्वान्झिगर यांची पेढी विशेष बदनाम होती. ३ जूनला या पेढीच्या मालकांवर रचलेले निंदागीत गात जाणाऱ्या विणकरांपैकी एकाला पकडले गेले. दुसऱ्या दिवशी त्याला सोडवायला आणि मजुरीवाढ मागायला आलेल्या जमावाने मालकांचे घर उद्ध्वस्त केले, तर ५ जूनला लांगेनबीलाउमध्ये सैन्याच्या गोळीबारात ११ माणसे मेली. कवी हाइनने त्याच वर्षी या विणकरांवर कविता लिहिली आणि पत्रकार विल्हेल्म वोल्फने घटनेचा तपशीलवार वृत्तांत लिहून ठेवला. जवळजवळ अर्धशतकानंतर एका नाटककाराला तो वृत्तांत उपयोगी पडला.

तो नाटककार म्हणजे गेरहार्ट हाउप्टमान. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी सायलीशियातीलच ओबरझाल्त्सब्रुन या औषधी झऱ्यांच्या गावी त्याचा जन्म झाला. वडील तेथे हॉटेल चालवीत; पण आजोबा तरुणपणी गरीब विणकर म्हणून मागावर बसले होते. वडिलांनी सांगितलेल्या आजोबांच्या आठवणीतूनच आपल्या नाटकाचे बीज पडले, असे हाउप्टमानने ‘विणकर’ वडिलांना अर्पण करताना नमूद केले आहे. त्याला सुरुवातीला मात्र शिल्पकार व्हायचे होते. ब्रेस्लाउच्या कलाशाळेत शिक्षण, येना विद्यापीठात काही काळ व्याख्याने ऐकणे आणि रोममध्ये शिल्पकार म्हणून जम बसवण्याचा अयशस्वी प्रयत्न, अशी त्याची पहिली वर्षे गेली. १८८५ मध्ये मारी थीनेमान या सधन घरातील तरुणीशी विवाह झाल्यावर पैशाची विवंचना मिटली आणि बर्लिनजवळच्या एर्कनर येथे राहून तो लिहू लागला. रेल्वे फाटकावरील पहारेकऱ्याची शोकांतिका सांगणारी ‘बानवेर्टर टील’ (१८८८) ही त्याची दीर्घकथा याच काळातली.

बर्लिनमधील तरुण लेखकांत त्या वेळी निसर्गवादाची चर्चा जोरात होती. माणूस आनुवंशिकतेने आणि परिस्थितीने घडतो, म्हणून लेखकाने शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणे त्याच्या बोलण्या-वागण्याची नोंद करावी, असा हा विचार होता. परंतु सार्वजनिक प्रयोगाला पोलिसांची पूर्वपरवानगी लागत असे. तेव्हा १८८९ मध्ये समीक्षक ओटो ब्राम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘फ्राये ब्यूने’ म्हणजे ‘मुक्त रंगभूमी’ ही खासगी संस्था काढली. प्रयोग केवळ सभासदांसाठी असल्यामुळे परवानगीचा प्रश्नच उरत नव्हता. पहिला प्रयोग नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘भुते’ नाटकाचा झाला आणि २० ऑक्टोबरला हाउप्टमानचे ‘सूर्योदयापूर्वी’ रंगमंचावर आले. जमिनीखाली कोळसा सापडल्याने अचानक श्रीमंत झालेले आणि दारूत बुडालेले शेतकरी कुटुंब पाहून प्रेक्षागृहात गदारोळ माजला. एका डॉक्टर प्रेक्षकाने तर प्रसूतीचा चिमटा उंचावून निषेध नोंदवला. या नाटकातील आनुवंशिकतेची मांडणी आज ढोबळ वाटते. त्यातले घर आणि घरातली माणसे मात्र अजून खरी वाटतात.

१८९१ मध्ये हाउप्टमान विणकरांच्या डोंगराळ मुलखात फिरून आला आणि त्याने ‘विणकर’ हे नाटक आधी सायलीशियन बोलीत, नंतर प्रमाण जर्मनकडे झुकणाऱ्या भाषेत लिहिले. त्स्वान्झिगर म्हणजे वीस हा अंक सुचवणारे आडनाव बदलून त्याने मालकाला तीस सुचवणारे ड्रायसिगर हे नाव दिले. कोणाकडे बोट आहे हे कोणालाही कळावे! पाच अंकांत पेढी, झोपडी, गुत्ता, मालकाचे घर आणि शेवटी म्हाताऱ्या हिल्सेची खोली अशी स्थळे बदलत जातात. नायक कोणीच नाही, समूहच नायक आहे, आणि मला हेच या नाटकाचे सर्वांत धाडसी पाऊल वाटते. बंडात सामील व्हायला नकार देऊन मागावर बसून राहिलेला धर्मभीरू हिल्सेच अखेर भरकटलेल्या गोळीने मरतो, त्यामुळे नाटकाला प्रचारपत्रकाचे रूप येत नाही.

मार्च १८९२ मध्ये बर्लिन पोलिसांनी प्रयोगाला मनाई केली. २६ फेब्रुवारी १८९३ रोजी ‘फ्राये ब्यूने’ने सभासदांपुढे तो केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिसमध्ये दिग्दर्शक आंत्वानच्या ‘तेआत्र लिब्र’ या नाट्यसंस्थेनेही नाटक रंगवले. ऑक्टोबरमध्ये प्रशियाच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने बर्लिनच्या डॉइचेस थिएटर या नाट्यगृहापुरती बंदी उठवली, ती या आधारावर की तेथील तिकिटे महाग असल्याने मजूर मोठ्या संख्येने येण्याची भीती नाही. नाटकाचा विषय दारिद्र्य आणि त्याला मुभा मिळाली ती प्रेक्षकांच्या सुबत्तेमुळे. २५ सप्टेंबर १८९४ ला पहिला सार्वजनिक प्रयोग होताच सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने या नाट्यगृहातील आपला राखीव आसनकक्ष सोडून दिला. १८९३ चा प्रयोग पाहिलेल्या चित्रकार केटे कोल्वित्सने विणकरांच्या बंडावर केलेल्या चित्रमालिकेसाठी पुढे पदकाची शिफारस झाली, तीही याच सम्राटाने फेटाळली.

स्वतः हाउप्टमान मात्र काटेकोर निसर्गवादात फार काळ थांबला नाही. ‘हानेले’ (१८९३) मध्ये स्वप्नदृश्ये आली आणि ‘बुडालेली घंटा’ (१८९६) ही पद्यातली परीकथाच झाली. ‘रोझे बेर्न्ड’ (१९०३) आणि ‘उंदीर’ (१९११) या नाटकांत तो पुन्हा सामान्यांच्या आयुष्याकडे वळला. कादंबऱ्यांपैकी स्वतःला ख्रिस्त समजू लागणाऱ्या सायलीशियन सुतारपुत्राची ‘एमानुएल क्विंट’ (१९१०) सर्वांत भरीव आहे. १९१२ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ नंतर तो जर्मनीतच राहिला आणि नव्या नाझी राजवटीला त्याने जाहीर विरोध केला नाही. त्याची बाजू वर्षानुवर्षे लढवणारा समीक्षक आल्फ्रेड केर परागंदा झाला होता. त्याने या मौनाबद्दल हाउप्टमानशी जाहीरपणे संबंध तोडले. ६ जून १९४६ रोजी सायलीशियातील अग्नेटेनडॉर्फ येथे हाउप्टमानचे निधन झाले, तेव्हा ते गाव पोलंडच्या ताब्यात गेले होते आणि तेथील जर्मनांना हुसकावण्यात येत होते. त्याचे दफन बाल्टिक समुद्रातील हिडेनझे बेटावर करण्यात आले. अग्नेटेनडॉर्फमधील त्याच्या घरात आज संग्रहालय आहे.