पुरातत्त्वीय विज्ञाने (पदव्युत्तर अभ्यास)

भूविज्ञान, वनस्पतिविज्ञान, प्राणिविज्ञान, रसायनशास्त्र, भौतिकी व मानवी जीवशास्त्र यांच्या पद्धती पुरावशेषांना लावून त्यांचा काळ, तत्कालीन पर्यावरण, आहार व तंत्रज्ञान ठरविणारी अभ्यासशाखा. भारतात ती बहुतांशी पुरातत्त्वाच्या एम.ए.त विषय म्हणून आणि नंतर पीएच.डी.च्या संशोधनात शिकली जाते.

शाखेचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. काही जण क्लापरोट या जर्मन रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या रोमन नाण्यांच्या पृथक्करणापर्यंत मागे जातात. स्वतंत्र संस्थात्मक रूप मात्र १९५५ मध्ये ऑक्सफर्डला स्थापन झालेल्या संशोधन प्रयोगशाळेपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतात मोहेंजोदडोच्या १९३१ मधील अहवालात हाडे व धातू यांवर तज्ज्ञांची प्रकरणे आहेत; परंतु तेथे उत्खनक एकीकडे व नमुने तपासणारे दुसरीकडे होते.

हे दोघे एका छपराखाली आले ते प्रामुख्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९३९ मध्ये ही संस्था पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाली आणि ह. धी. सांकलिया तेथे प्राध्यापक झाले. १९४९ च्या सुमारास लंडनचे भूकालमापनतज्ज्ञ झॉयनर यांनी गुजरातेतील नदीकाठचे थर अभ्यासले. त्यानंतर प्रागितिहासाच्या कामात भूविज्ञानाला पक्के स्थान मिळाले, असे दिसते. पुढे शरद राजगुरू (भूविज्ञान), मु. द. काजळे (वनस्पती), पी. के. थॉमस (प्राणी) व सु. रा. वाळिंबे (मानवी सांगाडे) यांच्या विशेषज्ञतेवर तेथील शिक्षण उभे राहिले. घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन (१९६८–८३) ही या शिक्षणाची खरी कार्यशाळा होय : जळके दाणे, जनावरांची हाडे आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली मुले, सारे एकाच स्थळावर.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे सापडलेली ज्वालामुखीय राख हे वादग्रस्त कालमापनाचे बोधक उदाहरण आहे. तेथे ॲश्युलियन (पूर्वपुराणाश्मयुगातील हातकुऱ्हाडींच्या परंपरेची) हत्यारेही मिळाली. पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने (किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून खनिजात साचलेला आरगॉन वायू मोजून) १९८९ मध्ये राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले. १९९५ मध्ये आरगॉन-आरगॉन या तिच्याच सुधारित पद्धतीने ते ६·७ लाखांवर आले. राखेतील काचकणांची रासायनिक घडण व विखंडन-रेषा (युरेनियमच्या अणुविखंडनाने काचेत उमटलेले ओरखडे) यांवर भर देणारे संशोधक मात्र ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानतात. जुन्या खडकांचे कण राखेत मिसळले असतील तर आरगॉनवर आधारित वय फुगू शकते, त्यामुळे काचकणांवरील पुराव्याकडे कल झुकतो. तथापि राखेचे वय म्हणजे हत्यारांचे वय नव्हे. राख पाण्याने वाहून येऊन साचते, हत्यारेही जुन्या थरातून सुटून नव्या गाळात शिरतात. म्हणून विद्यार्थ्याने प्रयोगशाळेचा आकडा वाचण्याआधी नदीची दरड वाचली पाहिजे.

कार्बन-१४ (सेंद्रिय अवशेषांतील किरणोत्सर्गी कार्बन मोजून काळ ठरविण्याची पद्धत) बाबतही आकडा तसाच घेऊन चालत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मापनांवरून ध. पा. अग्रवाल यांनी १९६४ मध्ये हडप्पा संस्कृतीचा काळ इ. स. पू. सु. २३००–१७५० असा आखडता घेतला. अंशांकनानंतर (वृक्षवलयांसारख्या ज्ञात वयाच्या नमुन्यांशी ताडून तारखा दुरुस्त केल्यावर) विकसित टप्प्यासाठी इ. स. पू. सु. २६००–१९०० हा काळ सामान्यतः स्वीकारला जातो. जुन्या अहवालांतील तारखा अंशांकित आहेत की नाहीत हे न पाहता त्यांची तुलना करणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक होय.

प्राचीन डीएनएचे स्वतंत्र शिक्षण अद्याप विरळ आहे. उष्ण हवामानात डीएनए फारसा टिकत नाही, हे त्यातील मोठे विघ्न. हरियाणातील राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या स्थळावरील २०१९ च्या अभ्यासात ६१ नमुने तपासले गेले. वापरण्याजोगा जनुकीय पुरावा त्यांपैकी एकातूनच मिळाला.