तांबड्या धुळीतलं लोह आणि काकीचं रक्त

गोव्यात डिचोलीला आमच्या घराच्या ओट्यावर खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ बसायची. आई सकाळी पुसायची, दुपारी पुन्हा तीच. त्याच घरात माझ्या काकीच्या पापण्या आतून पांढुरक्या असत आणि चार पायऱ्या चढली की तिला धाप लागे. जिथून बार्ज भरभरून लोह परदेशी जातं, तिथल्या बाईच्या रक्तात ते कमी कसं?

धुळीतलं लोह ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं असतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आतड्यातून जवळपास तसंच बाहेर पडतं. शरीराला रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह आत घ्यायचं असतं, पण ते विरघळलेलं हवं. आणि पाळीत गेलेल्या प्रत्येक 2 मिलिलिटर रक्तामागे साधारण 1 मिलिग्रॅम लोह जातं.

लोह द्यायचं हे फार पूर्वी ठाऊक होतं. चरकसंहितेत पांडुरोगावर, म्हणजे रक्त कमी होऊन फिकट पडण्यावर, नवायस चूर्ण आहे: नऊ औषधींचा एकेक भाग आणि लोहाचे नऊ भाग. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस सिडनहॅम लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून फिकट पडलेल्या रुग्णांना देत. वाइनच्या आंबटपणाने थोडं लोह विरघळत असणार. पुढे अठराव्या शतकात इटलीच्या मेंघिनीने वाळवलेल्या रक्ताची पूड लोहचुंबकाला चिकटते हे दाखवलं. 1832 मध्ये फ्रान्सच्या पिएर ब्लो यांनी फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या गोळ्या आणल्या आणि त्या चांगल्या लागू पडल्या.

मग मात्र विद्वानांनी घोळ घातला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुस्ताव बुंगे या नावाजलेल्या रसायनतज्ज्ञाने मांडलं की, औषधातलं लोह अंगी लागतच नाही. आतड्यातला गंधकाचा वायू अन्नातलं लोह बांधून टाकतो; औषधातलं लोह त्या वायूला अडवतं, त्यामुळे अन्नातलं लोह वाचतं, एवढंच. एडिनबरोच्या राल्फ स्टॉकमन यांनी 1893 मध्ये हे तपासलं, आणि मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत आवडतो. त्यांनी रक्त कमी असलेल्या काही मुलींना लोह त्वचेखाली टोचलं, म्हणजे आतड्याचा संबंधच तोडला. मुली सुधारल्या. काहींना आयर्न सल्फाइड दिलं, ज्यात गंधक आधीच भरलेलं, आणखी अडवायला जागाच नाही. त्याही सुधारल्या. गंधक अडवणारं पण लोह नसलेलं बिस्मथ दिलं, तर काहीच फरक नाही. पुढे 1932 मध्ये अमेरिकेत दिसलं की, टोचलेल्या लोहाच्या हिशेबातच हिमोग्लोबिन वाढतं.

काकीला आयर्नच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण ती त्या चहाबरोबर घ्यायची. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्या असत्या तर जास्त लोह आत गेलं असतं. हे तिला कोणी सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शरीराचीही एक राखण आहे. गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि दिवसभर आतड्याचं दार अर्धं लोटून घेतं. 2017 मध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांतून जास्त लोह शोषलं गेलं.