आयएसओला उगाच शिव्या घालू नका

गड्ड्याची यात्रा झाली की सोलापुरातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पूर येतो. त्यात रात्रीच्या नंदीध्वज मिरवणुकीचे बरेच फोटो दाणेदार, काळ्या आभाळात लाल-हिरवे ठिपके. मग कुणीतरी जाणकार सांगतोच, "आयएसओ वाढवला ना, सेन्सर जास्त सेन्सिटिव्ह झाला, म्हणून फोटो फाटला." आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यातलं फोटो उजळ करायचं सेटिंग, आणि सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. जाणकाराचं हे ऐकलं की मला राहवत नाही, कारण सेन्सर सेन्सिटिव्ह-बिन्सिटिव्ह काही होत नाही, आणि दाण्यांचा खरा गुन्हेगार आयएसओ नाहीच.

आत प्रकाश किती येणार हे ठरवतात दोघंच. एक अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक. ५० मिलिमीटर लेन्सला एफ २ म्हणजे भोक २५ मिलिमीटरचं, आकडा वाढला की भोक लहान, २ वरून २.८ केलं की प्रकाश निम्मा. दुसरा शटर, ते १/१२५ सेकंद उघडं ठेवा नाहीतर १/६०, दुप्पट वेळ दुप्पट प्रकाश. आयएसओ बिचारा नंतर येतो, जमलेला सिग्नल मोठा करून दाखवतो, एवढंच.

आता दाणे कुठून येतात? प्रकाश येतो तो फोटॉनच्या रूपात, एकेक सुटा, आणि नेमका कुठे कधी पडेल याला काही शिस्त नाही. आपल्याकडे पाऊस येतो तसा विचार करा, गच्चीवर शंभर वाट्या मांडल्या आणि चार थेंब पडून पाऊस गेला तर एका वाटीत तीन थेंब, शेजारची कोरडी. तोच तासभर धो धो पडला तर सगळ्या वाट्या जवळपास सारख्या भरतात. सेन्सरचे पिक्सेल म्हणजे या वाट्या. गणितात सांगायचं तर सरासरी १०० फोटॉन येत असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १० चा, थेट १० टक्के. १०,००० आले तर चढउतार १०० चा, फक्त १ टक्का. म्हणजे दाणे निम्मे करायचे तर प्रकाश चौपट लागतो, दुप्पट करून भागत नाही. आणि भर दुपारच्या उन्हात साधारण १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, घरात ट्यूबलाइटखाली १०० च्या आसपास, हजारपट फरक! आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही कारण ते गुपचूप जुळवून घेतात, सेन्सरला मात्र पुरेपूर कळतो.

फोनचा नाइट मोड हेच वर्गमूळ वापरतो. पटापट १६ फोटो काढून एकावर एक रचले की दाणे पावपट, फक्त मधे कुणी हललं की त्याचं भूत होतं. भुतावरून आठवलं, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत गोल पांढरे गोळे दिसले की लोक आत्मा वगैरे म्हणतात, ती धूळ असते हो, लेन्सच्या अगदी जवळची, फोकसबाहेरची, फ्लॅशनं उजळलेली. होम मैदानावर यात्रेच्या गर्दीत असे हजार आत्मे सापडतील. २०० मेगापिक्सेलची जाहिरातही तसलीच, वाट्या लहान केल्या म्हणून पाऊस वाढत नाही, म्हणून तर ते फोन एरवी १६ पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात.

तरी पटत नसेल तर घरी करून बघा. रात्री कॅमेरा स्टँडवर लावा, मॅन्युअल मोड, रॉ फाइल (म्हणजे कॅमेऱ्यानं फेरफार न केलेली), अ‍ॅपर्चर-शटर अजिबात हलवायचं नाही. एक फोटो आयएसओ ३२०० ला, एक १०० ला. दुसरा काळाकुट्ट येईल, तो कॉम्प्युटरवर पाच स्टॉप, म्हणजे पाच वेळा दुप्पट, उजळा. दोन्हीत फोटॉन तेवढेच आलेत, त्यामुळे दाणे दोन्हीत येणारच. गंमत म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांत १०० वालाच जास्त खराब निघतो, कारण सर्किटचा स्वतःचा नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, सिग्नलमध्ये नंतर मिसळतो आणि उजळताना तोही मोठा होतो, ३२०० ला सिग्नल आधीच मोठा झालेला असतो.