भेट मिळालेली बोर्दोची बाटली: उघडण्यापूर्वी

भेट म्हणून आलेली, फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातली रेड वाइन घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा किमतीचा असतो. त्याचे उत्तर लेबलावर असते, पण अर्धेच.

ठळक अक्षरांत छापलेले शातोचे नाव म्हणजे द्राक्षमळ्याचे नाव. त्याहून बोलका असतो तो प्रदेशाचा उल्लेख. नुसते ‘बोर्दो’ लिहिले असेल, तर द्राक्षे त्या विस्तीर्ण प्रदेशातील कुठलीही असू शकतात. ‘पोइयाक’ किंवा ‘मार्गो’ असे तिथल्या गावाचे नाव असेल, तर ती नदीच्या डाव्या तीरावरच्या खडेमिश्रित जमिनीतली आणि मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची असतात, तर उजव्या तीरावरच्या ‘पोमरोल’मध्ये मर्लो या द्राक्षजातीचे प्राबल्य असते. ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ (बोर्दोची श्रेष्ठ वाइन) हे शब्द भारदस्त वाटतात. प्रत्यक्षात त्यांना कोणत्याही सरकारी प्रतवारीचा आधार नाही. ‘ग्राँ क्रू क्लासे’ (प्रतवारीत बसलेला श्रेष्ठ मळा) आणि १८५५ हे वर्ष एकत्र दिसले, तर मात्र थांबून पाहावे. पॅरिसच्या त्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी रेड वाइनचे पाच वर्ग ठरवले गेले, आणि पुढे वरच्या वर्गात बढती मिळाली ती एकट्या शातो मूतों रोथशिल्डला, तीही १९७३ साली.

लेबलावरचे साल द्राक्षे खुडल्याचे असते, बाटली भरल्याचे नव्हे. २००५, २०१० आणि २०१६ ही उत्तम वर्षे मानली जातात, तर थंड, पावसाळी २०१३ हे सुमार. मोठ्या शातोची वाइन अनेक दशके टिकते. साधी बोर्दो काही वर्षांतच प्यावी, ती जपून ठेवल्याने मुरत नाही.

उरलेले अर्धे उत्तर बाटली कुठे ठेवली होती यावर अवलंबून असते. तिला १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान, अंधार आणि आडवी जागा लागते. नागपूरच्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या कपाटात राहिलेली बाटली कितीही नामांकित असली, तरी आम्ही तिचा भाव सांगत नाही. बूच वर सरकलेले असणे किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ दिसणे ही उष्णतेची खूण समजावी.

जुनी बाटली उघडण्यापूर्वी एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसेल. तो निरुपद्रवी असला तरी कडवट लागतो. ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा आहे. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ती १६ ते १८ अंशांवर आणावी.

प्राथमिक अंदाजासाठी बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलांची छायाचित्रे पुरतात. बाटलीच आणायची असल्यास ती सकाळी आणावी, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.